म्यूझस्कोरमध्ये अख्खी ओळ एक सप्तक खाली कशी आणायची? (आणि हा ‘कोमल पंचम’ आला कुठून?)

गंगापूररोडचा_पेटीवाला | रात्री ११:४२

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत दरवर्षी कोजागिरीला मसाला दूध, भेळ आणि कराओके एवढाच कार्यक्रम असतो. यंदा मला दुर्बुद्धी झाली. आजोबांच्या जुन्या वहीत यमनातली एक बंदिश सापडली, म्हटलं हीच सगळ्यांनी मिळून म्हणू. आठ बायका, पाच पुरुष, पेटीवर मी, तबल्याला दुसऱ्या विंगमधले काका, शिवाय सोसायटीतलीच दोन मुलं, मुलगी व्हायोलिन वाजवते आणि मुलगा गिटार. या दोघांना आपलं सारेगम वाचता येत नाही, पाच रेघांचंच नोटेशन लागतं. म्हणून म्यूझस्कोर ४ उतरवून घेतलं (फुकट आहे) आणि चार रात्री जागून वही त्यात उतरवली.

लिहायला सोपं पडावं म्हणून सा म्हणजे सी धरला, पेटीच्या मधल्या सप्तकाची पांढरी एक. की सिग्नेचर (ओळीच्या सुरुवातीला लिहितात ते शार्प-फ्लॅट) काही टाकली नाही, तीव्र मध्यमाला एफ शार्प केलं. वरची ओळ बायकांची. तीच कॉपी करून खाली पुरुषांसाठी पेस्ट केली. पुरुष एक सप्तक खाली गाणार, म्हणून ती अख्खी ओळ निवडली आणि खालचा बाण बारा वेळा दाबला. मोजून बारा. सा पासून सा पर्यंत बारा पट्ट्या, हिशेब बरोबर ना?

आता अडचणी अशा:

१) पुरुषांच्या ओळीतले सगळे एफ शार्प जी फ्लॅट झाले. व्हायोलिनवाली विचारते, काका, वर एफ शार्प आणि खाली जी फ्लॅट असं का? मी मनात भाषांतर केलं आणि गार पडलो. सी जर सा, तर जी म्हणजे पंचम. जी फ्लॅट म्हणजे कोमल पंचम!! आजोबा असते तर वही काढून घेतली असती.

२) स्वर पाच रेघांच्या खाली इतके लोंबकळताहेत की वाचता येत नाहीत. सा तर चार जादा रेघांच्याही खाली आहे.

३) मुळात चालच जरा विचित्र ऐकू येते. सुरुवात एकदम उंचावरून होते आणि मग धाडकन खाली. हे बहुतेक कॉम्प्युटरच्या आवाजामुळे असेल, त्यामुळे सोडून द्या.

पहिल्या दोनांवर कोणी मार्ग सांगेल का? तालीम रविवारी आहे.

बारा_मात्रा | रात्री ११:५८

बाण बारा वेळा दाबायचा नसतो हो. ओळ निवडा आणि कंट्रोल धरून खालचा बाण एकदाच दाबा. मॅक असेल तर कंट्रोलऐवजी कमांड. झालं एक सप्तक खाली.

ओळ निवडायची म्हणजे त्या ओळीच्या पहिल्या मापावर (दोन उभ्या रेघांमधला एक तुकडा) क्लिक, मग शिफ्ट धरून शेवटच्या मापावर क्लिक. पण आधी कंट्रोल-झेड मारून मूळ जागी या. बारा वेळा मारावं लागेल, ते पाप तुमचं तुम्ही फेडा.

पट्टीचा_गवई | सकाळी ६:१०

कोमल पंचम! सकाळी सकाळी हसून चहा सांडला. सा आणि प हे दोन अचल स्वर, हे पहिल्या परीक्षेतलं पोर सांगतं. शेकडो वर्षं कोणाला हलवता आले नाहीत, आणि म्यूझस्कोरने बारा टिचक्यांत पंचम हलवला.

बारा_मात्रा | सकाळी ८:३०

गवईबुवा, हलवला नाही हो, फक्त नाव बदललं. हे का होतं ते नीट सांगतो, कारण हा घोटाळा मीही दोन वर्षं केलाय.

नुसता बाण दाबला की म्यूझस्कोर स्वर एका अर्ध्या स्वराने सरकवतो, पेटीच्या भाषेत पुढच्या किंवा मागच्या पट्टीवर. दर वेळी त्या नव्या पट्टीला नाव द्यावं लागतं. काळ्या पट्टीला दोन नावं असतात. एफ शार्प आणि जी फ्लॅट ही एकच पट्टी, पेटीवर बोट तिथेच. की सिग्नेचर नसेल तर तो साधा नियम लावतो: वर जाताना काळ्या पट्टीला शार्प म्हणायचं, खाली येताना फ्लॅट. तुम्ही खाली येत होता. बारा पायऱ्या उतरून ज्या काळ्या पट्टीवर पोचलात तिला त्याने उतरतीचं नाव दिलं. वरून निघालात तेव्हा ती एफ शार्प होती, हे त्याच्या लक्षात राहत नाही.

उलट्या बाजूनेही हेच. कोमल नि म्हणजे बी फ्लॅट, तो बारा वेळा वर ढकला, ए शार्प होऊन बसतो. म्हणजे तीव्र धैवत. कोमल ग चा डी शार्प होतो, तीव्र रिषभ!

कंट्रोलसकट बाण दाबला की तो पायऱ्या चढत-उतरत नाही. नाव तेच ठेवून फक्त सप्तक बदलतो. एफ शार्पचा एफ शार्पच राहतो.

पट्टीचा_गवई | सकाळी ८:४४

म्हणजे लिफ्ट आणि जिना. लिफ्टने गेलं की माणूस तोच राहतो.

सिबेलियसचा_जुना_गिऱ्हाईक | सकाळी ९:१५

दुसरी सॉफ्टवेअरं वापरणाऱ्यांसाठी भर घालतो. सिबेलियसमध्येही कंट्रोल + बाण म्हणजे सप्तकच. पण तिथे नुसता बाण अर्धा स्वर सरकवत नाही, रेघेवरची एक जागा सरकवतो. म्हणजे सी चा डी, डी चा ई. म्यूझस्कोरची सवय घेऊन सिबेलियसवर बसलात आणि बारा वेळा बाण दाबलात तर थेट दीड सप्तकाच्या पलीकडे जाल. डोरिकोमध्ये कंट्रोल आणि ऑल्ट दोन्ही धरून बाण. तिन्ही सॉफ्टवेअरं एका संगणकावर असली की बोटांचा पार गोंधळ उडतो, माझा उडतो.

फिनालेवाले कोणी असतील तर, २६ ऑगस्ट २०२४ ला त्यांच्या कंपनीने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझ्या एका मित्राच्या पंचवीस वर्षांच्या फायली त्यात आहेत, तो अजून सुतकात आहे. जमेल तेवढ्या म्यूझिक एक्सएमएलमध्ये, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडेल अशा फाइलमध्ये, काढून ठेवा.

आयटीतला_तबलजी | सकाळी १०:०२

म्यूझिक एक्सएमएलचं नाव निघालं म्हणून माझी एक फजिती सांगतो. हलके घ्या.

त्या फायलीत प्रत्येक स्वराचं नाव, त्याचा शार्प-फ्लॅट आणि सप्तकाचा आकडा वेगवेगळा लिहिलेला असतो. मधल्या सी पासून जे सप्तक सुरू होतं त्याचा आकडा ४. मी म्हटलं, सॉफ्टवेअर उघडायचंच कशाला, मजकुराच्या एडिटरमध्ये फाइल उघडून शोधा-आणि-बदला करू. सप्तक वर न्यायचं म्हणून सगळीकडे ३ चा ४ केला, मग ४ चा ५, मग ५ चा ६. स्वतःवर खूश.

फाइल उघडून वाजवली तर सगळी चाल एकाच सप्तकात, छताला चिकटलेली. कारण पहिल्या फेरीत ३ चे जे ४ झाले, तेच दुसऱ्या फेरीत ५ झाले आणि तिसऱ्या फेरीत ६. वरून सुरुवात करायला हवी होती: आधी ५ चा ६, मग ४ चा ५, मग ३ चा ४. बादल्या रिकाम्या करताना शेवटची आधी ओततो, तसं. वीस वर्षं प्रोग्रामिंग करतोय, कृपया माझ्या मॅनेजरला सांगू नका.

रेघोट्या | सकाळी ११:२०

पेटीवाले, तुमची दुसरी अडचण कोणी घेतली नाही अजून. स्वर खाली लोंबकळतात ती.

पुरुषांच्या ओळीला नेहमीची जी क्लेफ (ओळीच्या सुरुवातीचं वळणदार चिन्ह, कोणत्या रेघेवर कोणता स्वर ते सांगणारं) ठेवली तर सी चार रेघांखाली जाणारच, त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. त्यावर जुना उपाय आहे. क्लेफच्या पॅलेटमध्ये जी क्लेफचंच एक रूप असतं, तिच्या शेपटाखाली बारीकसा ८ लिहिलेला. त्याचा अर्थ, ‘जे लिहिलंय त्यापेक्षा एक सप्तक खाली वाचा’. पाश्चात्य वृंदगानात टेनर आवाजांची ओळ अशीच लिहितात.

करायचं असं: कंट्रोल + खालचा बाण मारून ओळ खाली आणा. मग त्या ओळीच्या सुरुवातीची क्लेफ निवडून पॅलेटमधली ८ वाली क्लेफ लावा. क्लेफ बदलली तरी म्यूझस्कोर स्वराची उंची बदलत नाही, कागदावरची जागा बदलतो. त्यामुळे लोंबकळणारे स्वर आपोआप वर येऊन बायकांच्या ओळीसारखेच दिसतील, वाजतील मात्र खाली.

आणि एक. दोन्हीपैकी एकच करून थांबू नका. नुसती क्लेफ बदललीत तर आवाज होता तिथेच राहील आणि स्वर उलट आणखी वर चढून बसतील, मग इथे येऊन सॉफ्टवेअरला शिव्या द्याल.

गंगापूररोडचा_पेटीवाला | दुपारी १:०५

बारा_मात्रा, रेघोट्या, दोघांना साष्टांग. जेवणाच्या सुट्टीत करून पाहिलं. कोमल पंचम गेला, लोंबकळणं गेलं. पुरुषांची ओळ आता बायकांच्या ओळीसारखी दिसते.

एक शंका. पॅलेटमध्ये ‘८ व्हीए’ लिहिलेली तुटक रेघ पण दिसली. ती कशासाठी? तिच्यानेही सप्तक बदलतं ना?

रेघोट्या | दुपारी १:३१

बदलतं, पण ती वाचणाऱ्याची सोय आहे. स्वर पाच रेघांच्या फार वर जायला लागले की तेवढ्या तुकड्यावर ती रेघ टाकतात आणि स्वर खालीच लिहितात. वादक रेघ बघून एक सप्तक वर वाजवतो. म्यूझस्कोरमध्ये ती लावली की स्वर कागदावर जागचा हलत नाही, पण वाजताना एक सप्तक वर वाजतो. म्हणजे आधी कंट्रोल + बाण मारून स्वर वर नेलात आणि वरून ही रेघही लावलीत, तर दोन सप्तकं वर. हे हमखास होतं. एका शाळेच्या बँडचा बासरीचा भाग मी असाच दोनदा वर नेला होता, तालमीत मुलांचे गाल फुगून लाल झाले तेव्हा कळलं.

लिलिपाँडचा_भक्त | दुपारी २:१०

लिलिपाँडमध्ये बरोब्बर उलटं आहे, म्हणून सांगतो. तिथे सगळं अक्षरांत लिहायचं असतं. स्वराच्या नावापुढे वर अपॉस्ट्रॉफी लावली की एक सप्तक वर, स्वल्पविराम लावला की एक सप्तक खाली. नुसता सी लिहिला तर तो मधल्या सी च्या एक सप्तक खालचा. ‘ऑटाव्हा’ ची (म्हणजे त्याच ८ व्हीए रेघेची) आज्ञा दिली की ती फक्त छापील दिसणं बदलते, आवाज तुम्ही लिहिलात तिथेच. त्यामुळे एका सॉफ्टवेअरची सवय दुसरीकडे नेली की एका सप्तकाची चूक ठरलेली.

आणि ‘रिलेटिव्ह’ पद्धतीने लिहीत असाल तर जपून. तिथे प्रत्येक स्वर मागच्या स्वराच्या जवळचा धरला जातो. एका ठिकाणी एक अपॉस्ट्रॉफी जास्त पडली की तिथून पुढची सगळी चाल एक सप्तक वर. ताजमहालाच्या पायाची एक वीट सरकावी तसं. पण फाइल शुद्ध मजकुराची, वीस वर्षांनीही उघडेल. फिनालेवाल्यांचं दुःख पाहून हे मुद्दाम सांगतोय.

पट्टीचा_गवई | दुपारी २:२५

चार माणसं कोजागिरीला गाणार, त्यासाठी एवढा खटाटोप? तंबोरा लावा, समोर बसवा, ओळ ओळ म्हणून घ्या. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड कुठल्या क्लेफमध्ये लिहिणार आहात?

काळी_पाच | दुपारी ३:००

गवईकाका, मींड नाही लिहिता येणार, मान्य. पण गिटारवाल्या मुलाला तंबोऱ्यासमोर बसवून ओळ ओळ शिकवायला रविवार पुरणार नाही. काहीतरी कागदावर हवंच.

माझी वेगळीच शंका आहे. पेटीवाले दादा, तुम्ही लिहायला सी धरलात ते ठीक, पण गाणार कोणत्या पट्टीत, म्हणजे सा पेटीच्या कोणत्या पट्टीवर धरणार? बायकांची काळी पाच आणि पुरुषांची काळी एक असं धरलंत तर त्यांच्यात बारा नाही, नऊच अर्धस्वर होतात. पुरुषांना ‘एक सप्तक खाली’ म्हणताय ते सगळ्यांचा सा एकच असेल तर. काळी पाचला ठेवलंत तर पुरुष मंद्रात (खालच्या सप्तकात) खरखर करतील नाही तर तार सप्तकात ओरडतील. आधी पट्टी ठरवा. ती ठरली की टूल्समधल्या ट्रान्सपोजमध्ये जाऊन ‘बाय इंटरव्हल’ ने दोन्ही ओळी एकत्र हलवा, स्वरांची नावंही नीट राहतील.

गंगापूररोडचा_पेटीवाला | दुपारी ३:४०

काळी_पाच ताई, बरोबर आहे. माझ्या घरातूनही हाच प्रश्न आला होता, मी ‘बघू’ म्हणून टाळला होता. सध्या काळी दोन ठरलीय. बायका म्हणतात जरा खाली आहे, पुरुष म्हणतात जरा वर, म्हणजे बरोबर मध्यावर असावी.

पण मंडळी, तिसरी अडचण अजून तशीच आहे. सगळं नीट करूनही चाल विचित्रच. ‘नि रे ग’ अशी सुरुवात आहे, तर तो नि आकाशातून येतो आणि रे वर कोसळतो. बायकांनी ऐकून सांगितलं, हे आम्ही गाणार नाही. आणि हो, ते नि पडद्यावर वेगळ्याच रंगात दिसतात.

बारा_मात्रा | दुपारी ४:०२

रंग म्हणजे सूचना आहे. त्या आवाजाच्या नेहमीच्या टप्प्याबाहेरचा स्वर असला की म्यूझस्कोर तो रंगवतो, पिवळसर किंवा लाल. स्वर चुकून वर गेलेत. यमनात ‘नि रे ग’ चा नि मंद्रातलाच, तुम्ही तो तार सप्तकात का लिहिलात?

गंगापूररोडचा_पेटीवाला | दुपारी ४:१५

मी नाही लिहिला हो, वहीतच तसं आहे. नि च्या डोक्यावर टिंब आहे, स्पष्ट. वर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र, हे तर मलाही माहीत आहे. आजोबांचं अक्षर मोत्यासारखं, चूक वाटत नाही. खाली टिंब असलेला स्वर अख्ख्या पानावर एकही नाही.

पट्टीचा_गवई | दुपारी ४:२१

एकही नाही? यमनाची बंदिश आणि मंद्रात एकदाही उतरत नाही? वहीत आणखी काय खुणा आहेत ते जसंच्या तसं लिहा. तर्क करू नका, फक्त दिसतं ते लिहा.

गंगापूररोडचा_पेटीवाला | दुपारी ४:५०

घरी आलोय, वही समोर आहे. नि, ध यांच्या डोक्यावर काही ठिकाणी टिंबं. म वर वेगळी काही खूण आहे, उतरवताना तिच्याकडे मी लक्ष दिलं नव्हतं, यमन आहे म्हणून मध्यम तीव्रच धरला. आणि अंतऱ्यात काही सा च्या डोक्यावर उभ्या रेघा आहेत. त्या मला पेनाचे फराटे वाटले, सोडून दिल्या.

पट्टीचा_गवई | दुपारी ४:५३

सा च्या डोक्यावर उभी रेघ??

काळी_पाच | दुपारी ४:५५

तीव्र सा!

पट्टीचा_गवई | संध्याकाळी ५:१०

तीव्र सा नाही. आता सगळे जरा शांत बसा, ही माझी पट्टी आहे.

आपण आज सर्रास वाचतो ती भातखंड्यांची पद्धत. खाली टिंब मंद्र, वर टिंब तार, म वर उभी रेघ तीव्र, स्वराखाली आडवी रेघ कोमल. ही इतकी रुळली आहे की दुसरी पद्धत होती हेच लोक विसरले. विष्णू दिगंबर पलुस्करांची पद्धत वेगळी. तीत वर टिंब म्हणजे मंद्र! आणि डोक्यावर उभी रेघ म्हणजे तार सप्तक. कोमल स्वराला पाय मोडतात, आडवी रेघ देत नाहीत.

पेटीवाले, तुमच्या आजोबांची वही पलुस्कर पद्धतीची आहे. ते ‘फराटे’ म्हणजे अंतऱ्यातले तार षड्ज. यमनात कोमल स्वर नाही, म्हणून पाय मोडलेलं अक्षर एकही आलं नाही. नाहीतर पहिल्या ओळीतच संशय आला असता.

तुम्ही मंद्र नि तारात नेलात आणि तार सा मध्यात आणलात. चाल विचित्र वाटणार नाही तर काय होणार?

आयटीतला_तबलजी | संध्याकाळी ५:१८

म्हणजे तीच खूण, वेगळी एन्कोडिंग. आमच्याकडे याला रोजची सकाळ म्हणतात.

पंचवटीकर | संध्याकाळी ५:४०

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय, इतके दिवस नुसता वाचत होतो. नाशिकमध्ये जुनी वही पलुस्कर पद्धतीची निघाली याचं आश्चर्य कसलं करता? विष्णू दिगंबरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण आयुष्याच्या उत्तरार्धात ते आपल्या पंचवटीत राहिले हे गावातल्याच लोकांना सांगावं लागतं. मुलगा दत्तात्रेय, म्हणजे द. वि. पलुस्कर, यांचा जन्म १९२१ चा, नाशिकचाच. इंद्रकुंडाजवळच्या पलुस्कर सभागृहात आपण कार्यक्रमाला जातो, पार्किंगवरून भांडतो आणि परत येतो, नावाकडे कोण बघतं?

पेटीवाले, आजोबा शिकले कोणाकडे? वहीवर काही लिहिलंय का?

गंगापूररोडचा_पेटीवाला | संध्याकाळी ६:२५

आजोबा मेनरोडला कापडाच्या दुकानात कारकून होते. संध्याकाळी पंचवटीत गाणं शिकायला जायचे एवढंच आजी सांगायची, कोणाकडे ते नाही माहीत. वहीवर फक्त त्यांचं नाव आणि एक चहाचा डाग.

पेटीवर बसून ‘नि रे ग’ मंद्र नि घेऊन वाजवलं. काय सांगू. चार रात्री ज्या चालीला मी कॉम्प्युटरचा आवाज खराब म्हणून नावं ठेवली, ती एका बोटात यमन झाली. आई आतून बाहेर आली आणि म्हणाली, बाबा हे दळण दळताना गुणगुणायचे. (दळण म्हणजे गिरणीच्या रांगेत, घरी नाही.)

आता हे सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त कसं करू? सगळी ओळ हलवून चालणार नाही, टिंबवाले तेवढेच खाली न्यायचेत. पुन्हा चार रात्री नाहीत माझ्याकडे.

बारा_मात्रा | संध्याकाळी ६:४५

चार रात्री नको, अर्धा तास पुरे. पुरुषांची ओळ आधी पूर्ण पुसून टाका, बायकांची दुरुस्त झाली की पुन्हा कॉपी करू.

टिंबवाला नि तुम्ही मध्य सप्तकापेक्षा एक वर लिहिलाय, हवा आहे एक खाली. म्हणजे दोन सप्तकं उतरायची. असा एक नि निवडा, त्यावर उजवी क्लिक, ‘सिलेक्ट’ मधलं ‘मोअर’, तिथे ‘सेम पिच’ वर खूण. तेवढ्याच उंचीचे सगळे नि एकदम निवडले जातील. कंट्रोल + खालचा बाण, दोनदा. मग तेच ध साठी. खरे तार नि, ध कुठे नाहीत ना हे वहीतून बघून घ्या, त्यांच्यावर उभी रेघ असेल.

उभ्या रेघेचे सा मात्र असे सापडणार नाहीत. तुम्ही ते साध्या सा सारखेच लिहिलेत, सॉफ्टवेअरला ते वेगळे कसे कळणार? वही समोर धरून कंट्रोल + क्लिकने एकेक निवडा, मग सगळ्यांना मिळून कंट्रोल + वरचा बाण एकदा.

पट्टीचा_गवई | संध्याकाळी ६:५८

घाई करू नका. हाताने लिहिलेल्या वह्यांत खुणांचे फरक असतात, ज्याने त्याने आपापली सोय केलेली असते. प्रत्येक ओळ दुरुस्त केल्यावर पेटीवर वाजवा. कान नाही म्हणाला तर वही पुन्हा बघा.

(आणि मघाशी मी खटाटोप वगैरे म्हणालो ते मागे घेतो. वही नीट जपा. तिचे फोटो काढून ठेवा.)

गंगापूररोडचा_पेटीवाला | रात्री ९:३०

झालं! टिंबवाले नि एका झटक्यात उतरले, रंगही गेला. ध चेही तसंच. तार सा अकरा निघाले, एकेक वेचले. पुरुषांची ओळ कॉपी केली, कंट्रोल + खालचा बाण एकदा, ८ वाली क्लेफ. व्हायोलिनवालीला पाठवलं, तिचं उत्तर आलं, ‘काका आता कळलं’.

गिटारवाला म्हणतो मी कोणती ओळ वाजवू? पुरुषांची देऊ का, गिटारचा आवाज भारी असतो म्हणून?

रेघोट्या | रात्री ९:४४

बायकांची द्या, साध्या क्लेफमधली. गिटारचं नोटेशन मुळातच एक सप्तक वर लिहितात, वाजतं त्याच्या खाली. तो बायकांची ओळ वाचेल आणि ती पुरुषांच्या सप्तकात वाजेल. त्याला आणखी खाली उतरवलेलं काही देऊ नका, सगळ्यात जाड तारेच्याही खाली जाईल.

गंगापूररोडचा_पेटीवाला | रात्री ९:५०

म्हणजे काही न करताच खाली. असं वाद्य मला शिकायला हवं होतं.

आयटीतला_तबलजी | रात्री १०:१२

पेटीवाले, एक तबलजी म्हणून विचारतो. वहीत तालाच्या खुणा काय आहेत? समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, काय लिहिलंय?

गंगापूररोडचा_पेटीवाला | रात्री १०:२०

तीनताल आहे. पहिल्या मात्रेखाली १ आहे, नवव्याखाली अधिकचं चिन्ह. मी काकांना सांगितलं की अधिक म्हणजे सम. तुम्हीपण तसंच लिहिता ना?

पट्टीचा_गवई | रात्री १०:२२

अहो!! पलुस्कर पद्धतीत १ म्हणजे सम, अधिक म्हणजे खाली, टाळी न देण्याची जागा!

आयटीतला_तबलजी | रात्री १०:२३

मला हेच विचारायचं होतं. काका किती दिवस तालीम करताहेत?

गंगापूररोडचा_पेटीवाला | रात्री १०:२५

तीन आठवडे. रोज. खालीच्या मात्रेवर समेचा धा ठोकताहेत. मला वाटायचं त्यांचा हात जड आहे.

झोपले नसतील तर आत्ताच त्यांच्या घरी जातो. जिन्यानेच जातो, तेवढाच विचार करायला वेळ.